फ्रिजची मागची बाजू

३ जुलै

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आज तुझ्या भाचीची भर वर्गात फजिती झाली. नववीला उत्क्रांती शिकवत होते. एक मुलगी उठून म्हणाली, भौतिकचे सर तर सांगतात की सगळं आपोआप विस्कटत जातं, एन्ट्रॉपी वाढतच राहते. मग एका पेशीतून एवढे नीटनेटके प्राणी कसे झाले? नेमक्या मोठ्या बाई तास बघायला बसलेल्या. मी घाईघाईने पुढचं पान उघडायला सांगितलं. बाई म्हणाल्या, चौदा तारखेला हाच तास पुन्हा घ्या, मग तुम्हाला कायम करायचं की नाही ते ठरवू. मामा, मला ही नोकरी फार हवी आहे रे.

लोभ आहेच, सध्या जरा जास्त लागेल.
तुझी भाची

७ जुलै

चि. वटवटीस,
अनेक आशीर्वाद.

विज्ञानात मी काठावर पास, हे तुझी आई जगाला सांगते. पण दुरुस्त केलेला फ्रिज गार होतोय का, हे मी दार उघडून बघत नाही. आधी मागे हात लावतो. मागे तापलाय म्हणजे आत काम चाललंय. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तुझ्या मामीवर छाप पाडायला मी फ्रिजचं दार उघडं टाकून खोली गार करायला निघालो. तासाभरात खोलीची भट्टी झाली आणि मामी माहेरी गेली. आतली उष्णता मागून बाहेर, वर विजेची वेगळी. फुकटात काही गार होत नाही. तुझ्या त्या पेशीच्याही मागे हात लावून बघ.

मामीचे आशीर्वाद. ती माहेराहून परत आली, त्याला बावीस वर्षं झाली.
मामा

१४ जुलै

ती. मामास,
साष्टांग दंडवत, खरोखरचा.

शिक्षकांच्या खोलीतल्या फ्रिजमागे अख्ख्या नववीला रांगेने हात लावायला लावला. मग सांगितलं, पृथ्वीचा प्लग सूर्यात आहे. उन्हाच्या जोरावर जीव नेटके होतात आणि त्याहून मोठा पसारा उष्णता होऊन आकाशात जातो. एकूण पसारा वाढतोच, नियम मोडत नाही. तीच मुलगी परत उठली. म्हणाली, नुसत्या विजेने फ्रिज थोडाच तयार होतो? मी म्हटलं, शाबास, ऊन फक्त मुभा देतं. टिकेल ते ठेवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या निवड करते. ती पटल्यासारखी खाली बसली आणि मी नाचायचीच बाकी राहिले.

कायम झाले, मामा. हसू आवरत नाहीये. बाईंनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकातलं? मी म्हटलं, माझे मामा फ्रिज दुरुस्त करतात, त्यांचं. त्या म्हणाल्या, मग त्यांनाच बोलवा. पंचवीस तारखेला अकरा वाजता नववीचा तास तुझा आहे. नाही म्हणायची सोय नाही, वेळापत्रकात शिक्षक म्हणून तुझं नाव बाईंनी स्वतः लिहिलंय.

आहे तो लोभ वाढवत न्यावा.
तुझी, कायम झालेली,
भाची