नाभीतला जोर आणि येडबाचा एडका

पौष शुद्ध ५, शके १८६०

आज सेलू स्टेशनावर कापसाच्या गासड्या चढवत होतो, तर सेकंड क्लासच्या खिडकीत दोन गृहस्थ बोलत होते. माझे कान तेज. आडत्याचं दुकान कानांवरच चालतं. एक म्हणाला, खऱ्या पहिलवानाचा जोर दंडात नसतो, नाभीखाली असतो. तिथं प्राण साठवला की हात न लावता माणूस पाडता येतो. दुसरा म्हणाला, "हे साफ..." आणि गाडी हलली.

साफ खरं आहे, असंच म्हणणार असावा. शिकलेला दिसत होता.

उद्यापासून पहाटे उठून प्राण साठवणे.

पौष शुद्ध ६

थंडी लय. उठलो नाही. रजईत प्राण सांडत नाही, हा माझा स्वतःचा शोध.

पौष शुद्ध १०

तालमीत गेलो. किशनराव वस्ताद आता थकले. शिवरात्रीच्या जत्रेत वस्तादीचा फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर बांधून ते लेकाकडं जिंतूरला जाणार. त्यांना नाभीचं सांगितलं. म्हणाले, "सांबप्पा, नाभीत रात्रीचं जेवण असतं. जोर पायात अन् छातीत. दुसरं काई न्हाई."

जुना माणूस. वाद घातला नाही. पण फेटा मलाच पाहिजे. स्टेशनावर हमाली करायचो तेव्हा याच तालमीच्या दारातून आत बघायचो. लंगोटाला कापड नव्हतं म्हणून आत गेलो नाही. आता वखारीत कापसाचे डोंगर आहेत. आडत्या म्हणून सगळे रामराम घालतात, पण तो माझ्या कापूस तोलायच्या काट्याला. पहिलवान म्हणून कुणी घालत नाही.

पौष वद्य ३

ट्रायल! दत्तराव कापसाची गाडी घेऊन काट्यापुढं उभा होता. म्हटलं, दत्तराव, जरा समोर या. नाभी आवळली, पंजा पुढं केला. दत्तराव उभा. पुन्हा केला. शेजारचा गाडीवाला त्याच्या कानाशी लागला, "पड की लेका, काटा व्हायचाय आपला." आणि दत्तराव धाडकन पडला!

माझ्या कानांतून काही सुटत नाही. शक्ती लागलेली असतानाही बिचाऱ्यांना काटाच आठवतो. शेतकरी माणसं.

पाठोपाठ गाडीवालाही पडला. त्याच्याकडं तर मी बघतही नव्हतो. म्हणजे शक्ती बाजूलाही जाते. सांभाळून वापरली पाहिजे.

पौष वद्य ८

वखारीत रोज माणसं पडायलीत. मुनीम तर मी खोकलो तरी पडतो.

घरी बायकोवर, गौराबाईवर, प्रयोग केला. ती दुधाचं भांडं घेऊन उभी होती, उभीच राहिली. म्हणाली, "मला पडायला येळ न्हाई. अन् माझा कुठं कापूस हाय तुमच्या काट्यावर?"

निष्कर्ष : एकाच चुलीचं खाणाऱ्यावर प्राण चालत नाही. कापसाचं काय बोलली ते कळलं नाही. बायकांचं बोलणं.

माघ शुद्ध ४

किशनरावांनी सगळ्या तालमीदेखत सांगितलं, "सांबप्पानं जत्रेत हात न लावता एकाला पाडावं, मी माझ्या हातानं फेटा बांधतो. पर ज्याचा कापूस न्हाई असा गडी पायजे."

सेलूत असा माणूस सापडेना. शेवटी मेंढरंवाला येडबा आला. त्याला विचारलं तर म्हणाला, "पडतो की आप्पा. फकस्त औंदा तुमच्या वावरात मेंढरं बसवू द्या." किशनरावांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "तू ऱ्हाऊ दे. तुझा एडका आण. त्याला कुनाकडून काई नको."

मी तिथंच हो म्हणालो. जनावराचा प्राण शुद्ध असतो.

एडक्याचं नाव नवाब. जत्रेत अमीनसाहेब, म्हणजे नवाबी अंमलाचे फौजदार, असतील, त्यांच्यापुढं हे नाव घ्यायचं नाही, असं येडबाला बजावलं.

माघ वद्य १०

येडबाच्या मेंढरांच्या वाड्यावर तालीम. येडबानं नवाबाचा कासरा धरला. मी पंजा पुढं केला. नवाब एक पाऊल मागं सरला! मी नाभी आवळली. आणखी मागं! कासरा ताणला, येडबाचे पाय घसरायला लागले, तरी नवाब मागंच मागं.

येडबा ओरडायला लागला, "आप्पा, बाजूला व्हा! एडका माघारी गेला म्हंजे भ्याला न्हवं!"

येडबा भ्याला होता. आपलं जनावर हरलेलं कुणाला बघवतं?

दंड-बैठका उद्यापासून. खरं तर आता गरज नाही.

माघ वद्य १४. शिवरात्र, सकाळ

उपास. पोट रिकामं म्हणजे प्राणाला ऐसपैस जागा. नवं धोतर. गौराबाईनं न विचारता हळद-तेल चुलीपाशी काढून ठेवलंय. कशाला, विचारलं. म्हणाली, "लागतंय."

माघ अमावास्या

पालथा पडून लिहितोय.

आखाड्याभोवती सगळं सेलू. पुढं खुर्चीवर अमीनसाहेब. नवाब सोडला. मी पंजा पुढं केला, नवाब मागं सरला. आणखी मागं. पार आखाड्याच्या कडेला गेला. मी किशनरावांकडं वळून हसलो आणि फेट्यासाठी डोकं जरा वाकवलं.

पुढचं नीट आठवत नाही. जमीन गेली, आभाळ आलं, मग येडबाचा आवाज आला, "आरं नवाबा, सोड! अमीनसायबाची खुर्ची हाय ती!"

खुर्ची मोडली. अमीनसाहेब वेळेवर उठले म्हणून बरं. हसून हसून त्यांनाच धरावं लागलं.

फेटा पोरांनी नवाबाच्या शिंगांना बांधला. मला उचलून गाडीत मात्र किशनरावांनीच घातलं, एकट्यानं. या वयात. पायात जोर आहे म्हाताऱ्याच्या.

गौराबाई तेल चोळता चोळता म्हणाली, "त्या जनावराला कुनीतरी काटा दावायला पायजे होता."

या वेळी कळलं.

फाल्गुन शुद्ध ३

दत्तराव बघायला आला. त्याचा सगळा कापूस कधीच मोजून गेलाय. दारात उभा होता, तेवढ्यात मी सहज, अगदी सहज, पंजा पुढं केला.

दत्तरावला वाटलं, उठायला हात मागतोय. त्यानं हात धरून एका झटक्यात मला उभं केलं.

म्हणालो, दत्तराव, पुढच्या सालीही कापूस माझ्याच काट्यावर आणा.

म्हणाला, "आणीन की आप्पा. पर पडनार न्हाई."