हवेच्या नळीतलं क्रोमियम

बाबा, आधी काय झालं ते क्रमाने.

१. गेल्या महिन्यात लॅबमधल्या आमच्या वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलला तापलेली हवा पोचवणारी सिरॅमिकची नळी तडकली. नवी यायला वेळ होता.
२. तिच्या जागी मी स्टीलची नळी बसवून घेतली. तुमचा घाटकोपरचा गाळा रिकामा करताना ठेवून घेतलेली. नोंदवहीत लिहिलं नाही.
३. दोन आठवड्यांत सेल बंद पडला.
४. ठपका काकांवर आला.

काका म्हणजे तुमचेच फिटर. तुम्ही गेल्यावर गाळा बंद झाला. मला अंधेरीच्या लॅबमध्ये घेतलं तेव्हा मीच त्यांना तिथे लावलं.

स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे, हे तुम्ही मला सातवीत शिकवलंत, ही नळी पुसायला देऊन. "नीट पूस. माझ्याहून जास्त टिकेल ही." टिकली. पण आठशे अंशांच्या दमट हवेत तेच क्रोमियम वाफ होऊन सुटतं, हवेकडच्या इलेक्ट्रोडवर जाऊन बसतं आणि ऑक्सिजनने जिथून आत शिरायचं त्या जागा बुजवतं. मला हे माहीत होतं. माझा प्रबंधच त्यावर आहे. तरी बसवली, कारण ती तुमची होती, आणि थोड्या दिवसांत काय होतंय असं वाटलं.

बैठकीत साहेब म्हणाले, "सेलचं सील गळलं असणार. कोणी लावलं?"

"मीच, साहेब," काका म्हणाले. "हल्ली डोळ्यांना कमी दिसतं."

सील शाबूत होतं. मी स्वतः तपासलं होतं. जिन्यात काकांना गाठलं. "नळी ओळखली होतीत ना तुम्ही?"

"तुझ्या बापाचं वेल्डिंग मी ओळखणार नाही होय? गप बस गं. तुझी नोकरी पक्की व्हायचीय."

"काका, तुम्हाला काढतील."

"माझी गळकी टाकी तुझ्या बापाने गिऱ्हाइकासमोर स्वतःच्या अंगावर घेतली होती. चूक एकाची, नाव दुसऱ्याचं. आपल्या गाळ्यात असंच चालायचं."

तुम्ही मालक होतात, म्हणून अंगावर घेतलंत. इथे मी वरची आहे आणि घेतायत ते. शुक्रवारी अकराला अहवाल द्यायचाय, त्यावर त्यांचं कंत्राट ठरेल. खरं लिहिलं तर माझं ठरेल, आणि घर आता माझ्यावरच आहे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

हे पत्र कुठल्याच पेटीत टाकून तुमच्यापर्यंत पोचणार नाही, कळतं मला. टाईप करून ठेवलेल्या अहवालात अजून सीलच लिहिलंय.

गुरुवार संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.