भिंतीची उंची

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. अण्णांचे गुडघे कसे आहेत? तुझा खोकला गेला का? मी ठीक आहे, फक्त मान धरलीय. दिवसभर नकाशावर वाकून दुसरं काय होणार.

तुझा राग कळतो. रेल्वेमार्गाबद्दलच्या भर सभेत सख्ख्या बहिणीला मी "आपली सूचना नोंदवली आहे" म्हणाले. तूही काही कमी नाहीस, मला "अहो मॅडम" म्हणालीस. शेजारी आमचे साहेब बसले होते, मी तरी काय बोलणार?

बातमी चांगली आहे. रेल्वे खांबांवरून न्यायचं पक्कं झालं. तुमच्या गल्लीतलं फाटक जाणार. तिथे ताटकळून पायांचे तुकडे पडतात, ही तुझी तक्रार मिटली. आणि गाड्यांचा आवाज अडवायला तू मागितलीस तशी, वर रुळांच्या कडेने उंच भिंतही मंजूर झाली.

आता मुद्द्यावर येते, मघापासून टाळतेय. भिंत उंच झाली की सावली लांब पडते. थंडीत प्रत्येक घराला किती ऊन उरतं, ते आम्ही तपासतो. घराला, खोलीला नाही. तुझ्या स्वयंपाकघरात दुपारी ऊन येतं, म्हणून तुझं घर पास. अण्णांच्या खोलीत मात्र थंडीभर ऊन येणार नाही. सकाळी खिडकीशी पाठ शेकत बसतात, तेवढंच त्यांचं सुख. तुला हे माहीत असतं तर तू भिंत मागितली नसतीस. मला माहीत होतं. तरी काल मी सही केली. एका खिडकीसाठी अख्ख्या गल्लीची झोप कशी मोडू? खिडकी माझ्या बापाची आहे म्हणून तर मुळीच नाही. घरी येऊन रडले मात्र पुष्कळ.

त्यांची कॉट स्वयंपाकघरात हलव म्हणणार होते, पण तिथे तुलाच वळायला जागा नाही. माझ्याकडे सकाळभर ऊन असतं. अण्णांना माझ्याकडे पाठवशील? आई गेल्यापासून त्यांचं सगळं तू केलंस, आणि ही आता आयत्या वेळी टपकली, असं वाटेल तुला. वाटू दे. तूही चल म्हटलं तर येणार नाहीस, ओळखून आहे मी तुला. त्यांना विचारलं तर "ताई म्हणेल तसं" म्हणतील. म्हणून तुलाच विचारतेय. नाही म्हणालीस तरी भिंत कमी होणार नाही.

रविवारी येते. त्यांचं ऊन त्यांच्याच मुलीने अडवलं, हे अण्णांना मी स्वतः सांगेन. तोवर तू काही बोलू नकोस.

तुझी,
धाकटी