सहमची कलमं

भाऊ,

सगळा गाव तुम्हाला भाऊ म्हणायचा, म्हणून आम्हीही वडिलांना भाऊच म्हणत राहिलो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी दुसरी हाक तोंडात येत नाही. मस्कतजवळ सीबला, आमच्या फ्लॅटमध्ये बसून लिहितोय. एसी घरघरतोय, तुमची सून आत सुरमई तळतेय, आणि ज्याला तुम्ही पाहिलंच नाहीत तो तुमचा नातू मित्राशी फोनवर इंग्रजीत भांडतोय. मघाशी त्याने विचारलं, "बाबा, आजोबा काय जॉब करायचे?" मी म्हटलं, शेतकऱ्यांना सरकारी अनुदान मिळवून द्यायचे. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे ते रिच होते?" तुमच्या दोन खाकी पँटी आणि ती करकरणारी सायकल डोळ्यांसमोर आली आणि मला हसू आवरेना. त्याला वाटलं, मी त्याच्या मराठीला हसतोय. रुसून आत गेला.

त्याला कसं सांगू, की कृषी सहाय्यक म्हणजे काय असतं! फळबागेला अनुदान सुरू झालं तेव्हा आपल्या टापूत कातळाकातळावर खड्डे पडले. हापूसची कलमं लावा, जगवा, खर्च सरकारचा. पण दरवर्षी पाहणी, आणि कलमं जगलेली असली तरच पुढचा हप्ता. ती पाहणी तुमच्याकडे. बाकीचे लोक बांधावर उभं राहून, चहा पिऊन, बाग बघून परतायचे. तुम्ही प्रत्येक खड्ड्याशी उकिडवे बसायचात. जमिनीलगत बोटं फिरवायचात, कलमाचा सांधा चाचपायचात आणि फूट सांध्याच्या वरून आलीय की खालून ते बघायचात. खालून आली असेल तर ती रायवळ खुंटाची. वरचा हापूस कधीच मेलेला असतो आणि खालचं जंगली झाड आपलं मजेत वाढत असतं, उलट दुप्पट जोमाने. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय बाग आहे! तुम्ही पान चुरगाळून हुंगायचात, मान हलवायचात, आणि शेतकऱ्याचा चेहरा पडायचा. लोक तुम्हाला घाबरायचे, आणि मला त्याचा तेव्हा अभिमान वाटायचा, हेही सांगून टाकतो.

पण मामाच्या बागेच्या वेळी मात्र मला तुमचा भयंकर राग आला होता. मी कृषी पदविकेच्या सुट्टीत घरी होतो. आईचा एकुलता एक भाऊ, पहिल्यांदाच काहीतरी धडपड करून त्याने बाग लावलेली, आणि तुम्ही त्याची निम्मी कलमं मेलेली दाखवून आलात. मामा तुमच्या मागोमागच घरी आला. ओटीवरही बसला नाही, सरळ स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "भावोजी, झाडं हिरवी हायत ना? मग सरकारला अजून काय पायजे?" तुम्ही पाटावर बसला होतात. म्हणालात, "हिरवं गवत पण असतं रे." तो तसाच फिरला. आईने साराचं भांडं असं आदळलं की चुलीतली राख उडाली. "माझ्या माहेरचं एक काम आयुष्यात केलं नाहीत. हे एक होत होतं, ते पण मोडून आलात." तुम्ही भात कालवत राहिलात. मग म्हणालात, "पाच वर्षांनी त्याला हापूसऐवजी आंबट बिटके लागले असते, तेव्हा तो कुणाच्या नावाने ओरडला असता?"  रविवारी पहाटे तुम्ही मला हलवून उठवलंत, सायकलच्या कॅरियरला हापूसच्या काड्यांची ओली पोतडी बांधलीत, आणि आपण दोघं मामाच्या बागेत गेलो. त्याच जंगली फुटींवर जागच्या जागी कलमं बांधली. मला वाटत होतं मी पदविकेवाला, मला येतं. तुम्ही माझा काप बघितलात आणि म्हणालात, "काकडी सोलतोयस काय? एका ओढीत काप. थांबलास की संपलं." त्या दिवशी दुपारपर्यंत तुम्ही माझ्याकडून काड्या कापून घेतल्यात. मामा लांब विहिरीवर बसून बघत होता. संध्याकाळी त्याने आपल्याला पेज पाठवली, स्वतः आला नाही.

आता मी काय करतो ते सांगतो, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी अजून नोकरीच शोधत होतो. मी ठिबक सिंचनाच्या कंपनीत आहे. ओमानमध्ये समुद्राच्या कडेकडेने शेतं आहेत. खजूर, लिंबू, आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, आंबासुद्धा. काही वर्षांपूर्वी आंब्याला मर लागली आणि जुन्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. तेव्हा सरकारने योजना काढली. वाळलेली झाडं मुळासकट काढा, नवी कलमं आम्ही देतो, ठिबकचा मोठा वाटा आम्ही उचलतो. वर्षभराने पाहणी, कलमं जगलेली दिसली तर उरलेल्या जमिनीलाही मदत. कागद अरबी, पण वाचून घेताना मला सारखं वाटत होतं, हे सगळं मी कुठेतरी ऐकलंय. किनाऱ्यावरच्या सहम गावात एका म्हाताऱ्या शेतमालकाकडे मी ठिबक बसवलं. तिथे मालकाला अर्बाब म्हणतात, तोही आपला अर्बाब. पांढरा पायघोळ डिशडाशा, हातात काठी, सत्तरीचा. त्याच्या वडिलांनी लावलेली आमराई त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती, विहिरीशेजारचं एकच झाड तेवढं उरलेलं. जुनी खोडं जाळली त्या दिवशी तो शेतावर थांबलाच नाही, मशिदीत जाऊन बसला. नवी बाग उभी राहिली नाही तर मुलं जमीन विकून त्याला मस्कतला नेतील, ही त्याची धास्ती. मला चहा देता देता तो हे दर वेळी सांगायचा.

वर्ष संपत आलं, पाहणी दीड-दोन महिन्यांवर आली, आणि मी फिल्टर साफ करायला सहमला गेलो. अर्बाब मला हाताला धरून बागेत घेऊन गेला. तो मला मुहंदिस म्हणतो, म्हणजे इंजिनियर. "शूफ, देखो मुहंदिस, शूफ! सरकार का झाड, कितना ताकतवाला!" खरंच, बाग हिरवीगार. माझा हात आपोआप खाली गेला, भाऊ. मी उकिडवा बसलो आणि सांधा चाचपला. वरची काडी कोळसा झालेली. फूट खालची. दुसरं झाड, तिसरं, चौथं, तेच. उन्हाळ्यात वरच्या कलमी काड्या होरपळल्या होत्या आणि मजुरांनी इमानेइतबारे खुंटाला पाणी घालून जंगल वाढवलं होतं. मी उठलो तेव्हा म्हातारा हसत होता. मी म्हटलं, छान आहे. गाडीत बसलो आणि मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, "भाई, ड्रिप चल रहा है ना? तो अपना काम खलास. हरा है तो हरा है, इन्स्पेक्शनवाला भी हरा ही देखेगा." त्याचं चूक नव्हतं. मी बोललो नाही तर कदाचित म्हाताऱ्याला मदत मिळेल, जमीन राहील. बोललो तर सगळंच जाईल. महामार्गावर पहिल्या पेट्रोलपंपाला मी गाडी थांबवली, करक चहा घेतला, तुम्हाला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि गाडी उलटी फिरवली.

माझ्या मोडक्या हिंदीत मी त्याला सगळं सांगितलं. सांधा दाखवला. तो ऐकत राहिला, मग काठी आपटून म्हणाला, "तुम बोलता है ये झाड मेरा नहीं?" मी म्हटलं, झाड तुमचंच, पण फळ बिटकं येईल. तो बरंच काही अरबीत बोलला. माझ्या कंपनीबद्दल, सगळ्या भारतीयांबद्दल, बहुधा माझ्या जन्माबद्दलही.  मला मामाच आठवत होता. आठवड्याभराने त्याचाच फोन आला. आवाज बसलेला. "मुहंदिस, इलाज है?"

इलाज तुम्हीच दाखवला होतात. विहिरीजवळचं ते जुनं झाड मरीला पुरून उरलेलं होतं, त्याच्या काड्या घ्यायच्या आणि जंगली फुटींवर बांधायच्या. मस्कतमध्ये हमरियाच्या गल्लीतल्या एका दुकानात, आपल्या शाळेबाहेर रंगीत सरबताच्या कांड्या ज्यात मिळायच्या तसल्या लांबट पिशव्या मिळाल्या. कलमाला टोपी म्हणून त्याच लागतात. तिथल्या रत्नागिरीच्या मुसलमान दुकानदाराने विचारलं, "काय वं, सरबताचा धंदा काढतास काय?" मी म्हटलं, नाय, आंबा बांधतोय. त्याने दोन पुडकी जास्त दिली आणि पैसे घेईना. मग सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं बागेत: मी, शेतावरचा बांगलादेशी गडी आणि अर्बाब. हिरवी बाग एका दिवसात बोडकी झाली. म्हातारा प्रत्येक फांदी तुटताना "या अल्ला" म्हणत होता. गड्याचा पहिला काप बघून मी ओरडलो, "ककडी छीलता है क्या!" आणि माझ्या तोंडून तुमचा आवाज आलेला ऐकून मीच थबकलो. खजुराच्या झावळ्यांची सावली केली आणि मी घरी आलो तो न जेवता झोपलो.

पाहणीला एक तरुण बाई आली, कृषी खात्यातली इंजिनियर, काळा अबाया आणि पायात बूट. तिने बाग बघितली. बाग कसली, काठ्या आणि त्यांच्यावर पिशव्या. अर्बाबचा चेहरा मला बघवेना. आणि मग ती बाई अबाया सावरून पहिल्याच खड्ड्याशी उकिडवी बसली. जमिनीलगत बोटं फिरवली. सांधा चाचपला.  तिने विचारलं, ही कुणी कापली? अर्बाब काठी टेकून पुढे झाला आणि ज्या गोष्टीवरून त्याने मला शिव्या घातल्या होत्या तीच गोष्ट स्वतःची असल्यासारखी तिला समजावून सांगू लागला, खालची फूट, वरची फूट, सगळं. ती म्हणाली, मला माहीत आहे, चाचा. हिरवी दाखवली असतीत तर मी आज नाव खोडूनच गेले असते. उन्हाळा जाऊ दे, मी परत येते. ती परत आली तेव्हा काही कलमं गेली होती, पण बरीचशी तरारली होती. उरलेल्या जमिनीचं काम मंजूर झालं. अर्बाबने माझ्या दोन्ही गालांना गाल लावले, आणि मग विचारलं, "ये काम किसने सिखाया?" मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. "मौजूद?" म्हणजे, आहेत का? आणि मी म्हटलं, "मौजूद."

का म्हटलं, मला अजून कळत नाही. त्या क्षणी दुसरं उत्तर खोटं वाटलं असतं. मग ते सुरूच राहिलं. तो फोनवर आधी तुमची तब्येत विचारतो, मग ठिबकची. तुमचे गुडघे दुखतात हे त्याला ठाऊक आहे. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने मशिदीत दुवा मागितली. दर रमझानला तो तुमच्यासाठी खजुराचा डबा पाठवतो, आणि तो तुमचा नातू खातो. इतकी वर्षं हे असंच चाललंय, आणि यंदा त्या कलमांना पहिल्यांदा फळ धरलं. गेल्या महिन्यात अर्बाब म्हणाला, "बाप का पासपोर्ट भेजो, व्हिसा मेरा जिम्मा. पहला आम वो तोडेगा. तब तक कोई हाथ नहीं लगाएगा." फळं झाडावरच पिकू लागलीत, पाखरं टोचायला लागलीत, गडी मला फोन करून सांगतो, आणि म्हातारा कुणाला काढू देत नाही. त्याला खरं सांगायला हवं, हे मला कळतं. पण या देशात एक माणूस तुमची विचारपूस करतो, आणि मी त्याला उत्तर देत असतो तेवढा वेळ तुम्ही असता. ते माझ्याच्याने मोडवत नाही, भाऊ.

हे लिहायला बसण्याआधी त्याचा फोन आला होता. मी म्हटलं, अर्बाब, भाऊंनी निरोप दिलाय, पहिला आंबा तुम्हीच तोडायचा, बाग तुमची आहे.  तो म्हणाला, तुझ्या बापाला फोन दे, मला त्याला सलाम करायचाय.

मी म्हटलं, ते जेवून झोपलेत. उठले की सांगतो.