साहेब काय म्हणाले होते

१४ नोव्हेंबर १९९६, गुरुवार

चंपक्का ऑफिसात आली आज. थेट कल्लहट्टीहून! पहाटेची बस धरून बंगळूरला यशवंतपूरला उतरली आणि तिथून विचारत विचारत राजाजीनगरपर्यंत चालत. मी टायपिंग करत होते. वर पाहिलं तर दारात उभी. आमच्या प्लांटवर सोलर पॅनेल धुताना कमरेला खोचते तेच हिरवं लुगडं. बस म्हटलं तर खुर्चीवर बसेना. उभ्यानेच विचारलं, "अक्का, दिवाळी झाली. दिवे कधी?"

मी म्हटलं, स्वल्प थांब, साहेबांना विचारते. साहेब पुण्याला गेलेत हे मला ठाऊक होतं. तिला कॉफी पाजली, दुपारच्या बसमध्ये बसवून दिलं. जाताना पिशवीभर नव्या शेंगा हातात ठेवल्या तिने. घरी आणल्यात, पण सोलायला हात होत नाही.

१५ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. कुणाला सांगता येत नाही तर निदान इथे.

फेब्रुवारीत कल्लहट्टीत बैठक झाली, देवळापुढच्या कट्ट्यावर. आमच्या कंपनीला सोलर प्लांटसाठी गावाचं अडीच एकर गायरान हवं होतं, आणि पॅनेल धुवायला गावच्या बोअरचं पाणी. दाभोळेसाहेब पुण्याचे. बंगळूरला सहा वर्षं झाली तरी कन्नड नाही. मी निपाणीची, दोन्ही भाषा घरच्याच — म्हणून टायपिस्ट असून मला जीपमध्ये घेतलं. साहेब मुद्दाम हिंदीत बोलत होते. आम्ही दोघं आपसात मराठी बोललो असतो तर लोकांना संशय आला असता.

प्लांटची वीज जाणार वीज मंडळाच्या मोठ्या लाइनवर, तालुक्याकडे. गावाच्या खालच्या वस्तीत, चंपक्का राहते तिथे, अजून खांबसुद्धा नाहीत. तिनेच विचारलं, आमच्या घरांत दिवे येतील का? साहेब म्हणाले, "कोशिश करेंगे." मी कन्नडमध्ये सांगितलं, "कोडतीवी." देऊ. वर आणखी — दिवाळीपर्यंत देऊ.

दिवाळीचं नावही साहेबांनी काढलं नव्हतं.

का बोलले मी? कुणी भरीला घातलं नव्हतं. पन्नासेक माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. ऑफिसात माझ्या तोंडाकडे कोण बघतं? देऊ म्हटल्याबरोबर बायका हसल्या, आपसात काही बोलल्या, आणि मला फार बरं वाटलं. एवढंच कारण. लिहायलाही लाज वाटते.

करार मीच टाइप केला. त्यात दिव्यांबद्दल एक ओळ नव्हती. तेव्हाही गप्प बसले.

१८ नोव्हेंबर

साहेब आले. चंपक्का येऊन गेल्याचं सांगितलं नाही.

२ डिसेंबर, सोमवार

प्लांटवरच्या ऑपरेटरचा फोन, तालुक्याच्या एसटीडी बूथवरून. बायकांनी पॅनेल धुणं बंद केलंय, आणि बोअरच्या खोलीला गावाने कुलूप घातलंय. आरडाओरडा नाही, मोडतोड नाही. नुसतं कुलूप.



९ डिसेंबर

चौदाशे पॅनेलवर धूळ. शेजारून खडीच्या लॉऱ्या जातात, ती सगळी धूळ काचांवर बसते. सप्टेंबरात प्लांट सुरू झाला तेव्हा दुपारी जेवढी वीज निघायची त्याच्या पाऊणपटही आता निघत नाही. साहेब दर दुपारी आकडा विचारतात आणि चष्मा काढून डोळे चोळतात. हा प्लांट त्यांनी दोन वर्षं उराशी धरून उभा केलाय, मला माहीत आहे. शंभर किलोवॅट! पुण्याहून माणसं बघायला येणार होती.

आज म्हणाले, "वीणाताई, तुम्ही जाऊन समजवा. असं काही ठरलंच नव्हतं म्हणावं. तुमचं ऐकतील ते."

मी हो म्हटलं.

११ डिसेंबर, बुधवार

गेले. कट्ट्यावर तीच माणसं. बायका एका बाजूला. कुणी बस म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही.

समजवायला गेले होते. पण चंपक्काकडे बघून ते तोंडातून निघेना. सांगून टाकलं. म्हटलं, साहेब देऊ म्हणाले नव्हते. प्रयत्न करू म्हणाले होते. देऊ हा शब्द माझा, दिवाळीही माझीच. चूक माझी आहे.

वाटलं, आता शिव्या बसतील. पण शिवाप्पा उठला. तो गावचा म्हातारा, गायरान द्यायचं की नाही ते त्याच्याच शब्दावर ठरलं होतं. माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात बोलला. चक्क मराठीत.

"अक्का, मी सोलापुरात गिरणीत अकरा वर्षं काढली. मराठी येते, हिंदी येते. साहेब काय म्हणाले ते मी ऐकलं होतं."

मी विचारलं, मग अण्णा, त्या दिवशी गप्प का बसलात?

"साहेब आज आहे, उद्या नाही. तू आमच्यात बसून आमच्या भाषेत बोललीस. आम्ही गायरान तुझ्या शब्दावर दिलं."

बसमध्ये तुमकूर येईपर्यंत रडत होते. शेजारची बाई विचारत होती, कुणी गेलं का?

१२ डिसेंबर

रात्री ह्यांना, माझ्या नवऱ्याला, अवधूतना सगळं सांगितलं. बोम्मसंद्र्याहून, कामावरून दमून आलेले, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेबांना सांगू नकोस. तुझी नोकरी जाईल, आणि गावाला दिवे मिळणार नाहीतच."

रागावून नाही म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं.

२६ डिसेंबर

आज सांगितलं साहेबांना. केबिनचं दार लावून, उभ्यानेच.

ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "दिवाळीपर्यंत असंही म्हणालात?" मी मान हलवली. म्हणाले, "मला वाटलं होतं, तुम्ही नुसतं भाषांतर करताय."

मग टेबलावरचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. वीज मंडळाचं. साहेबांनी खरंच प्रयत्न केला होता! जूनपासून पत्रं लिहीत होते. मंडळ वस्तीला लाइन द्यायला तयार आहे, पण खांब आणि तारा कंपनीने घालायच्या. आणि पुण्याचं हेड ऑफिस म्हणतं, वचन दिलंच नाही तर का घालायच्या?

ही पत्रं साहेब घरी स्वतःच्या हाताने लिहायचे. म्हणून माझ्या टाइपरायटरवर कधी आली नाहीत.

९ जानेवारी १९९७, गुरुवार

हेड ऑफिसने तहसीलदारांकडे तक्रार केली. गाव करार मोडतंय, पाणी देत नाही म्हणून. गावाने उलट अर्ज दिला, कंपनीने शब्द मोडला म्हणून. चौकशी होणार. दोन्ही अर्जांत माझं नाव आहे.

११ जानेवारी

अजून मला कामावरून काढलेलं नाही. रोज वाटतं, आज पत्र येईल. साहेब कामापुरतं बोलतात.

२१ जानेवारी, मंगळवार

चौकशीचा पहिला दिवस. तहसील कचेरीत लाकडी बाक, एका बाजूला आम्ही, एका बाजूला गाव. तहसीलदारांनी सुरुवातीलाच कन्नडमध्ये स्पष्ट केलं. करारावर सही दाभोळेसाहेबांची आहे, तेव्हा साहेब बैठकीत जे बोलले ते कंपनीवर बंधनकारक. दुभाष्या बाईंनी पदरचं काही घातलं असेल तर ते कंपनीवर बंधनकारक नाही.

म्हणजे मी खरं सांगितलं की गाव हरलं.

आधी शिवाप्पाला बोलावलं. देवाची शपथ घेतली त्याने. म्हणाला, मी सोलापूरला राहिलोय, हिंदी जाणतो. साहेब स्वतःच्या तोंडाने "देंगे" म्हणाले. दिवाळी तक देंगे. अक्काने जसंच्या तसं सांगितलं.

माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मला वाचवायला खोटं बोलला की दिव्यांसाठी? दोन्हींसाठीच असेल.

साहेब माझ्या शेजारी बसले होते. त्यांना कन्नड कळत नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाला?"

मी जसंच्या तसं सांगितलं. या वेळी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. अधिकार नसताना वचन दिलं असं ठरलं तर हेड ऑफिस त्यांना ठेवणार नाही.

माझी साक्ष पुढच्या मंगळवारी.

२४ जानेवारी

डोकं चालत नाही. शिवाप्पाला खोटं पाडायचं, की साहेबांना? वस्तीत चाळीस घरं. साहेबांच्या घरी त्यांची आई अंथरुणावर, मुलगी श्वेता दहावीला. कुणाचंही नाव घेतलं तरी चूक माझीच आहे आणि भरणार दुसरं कुणी.

भाजी करपली. अवधूत म्हणाले, "मी सांगितलेलं ऐकू नकोस. जे खरं आहे ते सांग. पुढचं पुढे." इतक्या दिवसांनी त्यांनी माझ्या हातातलं उलथणं काढून घेतलं आणि मला खुर्चीवर बसवलं.

२७ जानेवारी

उद्या खरं सांगणार. गावाला तोंड कसं दाखवायचं, माहीत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

सांगितलं. कोशिश करेंगे असंच म्हणाले होते साहेब, देऊ हे माझं. बायकांमधून एक हुंदका आला. मी मान वर केली नाही. तहसीलदार लिहून घेणार तोच साहेब उठले; माझ्या कन्नडातलं 'कोशिश करेंगे' तेवढं त्यांना कळलं होतं. मराठीत म्हणाले, "बाई मला सांभाळून घेतायत. मी 'देंगे' म्हणालो होतो." तहसीलदारांनी मला कन्नडमध्ये विचारलं — साहेब काय म्हणाले? आणि मी जसंच्या तसं भाषांतर केलं.