चार कोपरे

प्रिय चिमणे,

"कटर जिथे हात टेकतो, तिथून आमच्या धाकटीचं काम सुरू होतं," असं बाबा आपल्या कारखान्यात आलेल्या एका पाहुण्याला म्हणाले होते. तू तेव्हा नुकतीच ठिणग्यांनी पोलाद कोरणाऱ्या स्पार्क मशीनवर उभी राहायला लागली होतीस. सगळे हसले, मीही हसले. मिलिंग मशीनवरचा तो कटर माझा होता. त्या एका वाक्यात माझं काम कुठे संपतं तेही ठरून गेलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तू त्या मोठ्या कारखान्यात नोकरीला गेल्यापासून तुझी मशीनही मीच चालवते. बरी चालवते. बाबा मात्र तिच्यावरची धूळ रोज स्वतः झटकतात आणि चहाचा कप माझ्या मिलिंगच्या टेबलावर ठेवतात. मी बोलले तर म्हणतात, "अगं, तिथे जागा असते." आठवतं तुला, ज्यांचा आकार पोलादात उतरायचा ते तुझे तांब्याचे इलेक्ट्रोड मीच घडवायचे. दिवसभर खपून त्यांच्या कडा काढायच्या आणि तुझ्या तेलात ठिणग्या पडून पडून त्या झिजायच्या. साचा बाहेर आला की लोक उजेडात फिरवून बघायचे, "धाकटीच्या हातात जादू आहे हो!" उरलेलं तांबं मी भंगाराच्या पिंपात टाकायचे.

परवा आपले जुने गिऱ्हाईक झाकणवाले काका झाकणाच्या नव्या साच्याचं ड्रॉइंग घेऊन आले. चार कोपरे अगदी टोकदार आणि मधे एक खोल, अरुंद खाच. पोलाद आधी कडक करून घ्यायचं आणि मग सगळं स्पार्कवर, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलेलं. मी म्हटलं, खाच स्पार्कवरच करू, तिथे बारीक कटर घातला तर मोडेल. गोल फिरणाऱ्या कटरला टोकदार कोपरा निघत नाही, खरंय, पण कोपऱ्यांना टोक हवं कशाला? झाकण ज्या डब्यावर बसणार त्याचेच कोपरे गोलसर आहेत. थोडी गोलाई चालवून घ्या, पोलाद मऊ आहे तोवर मी कटरने एका दुपारी कोपरे काढून देते. स्पार्कवर त्यालाच दोन-तीन दिवस जातील, इलेक्ट्रोड वेगळे, वर पॉलिशची कटकट. काकांनी मान डोलावली. म्हणाले, "पटतंय ताई. तरी एकदा धाकट्या ताईंच्या कानावर घालतो हं." बाबा लगेच, "हो हो, तिलाच विचारा."

मी आत जाऊन उगीचच कटर पुसत बसले. तुला नुसता ताप आला तरी मी धावत येईन, हे तुलाही ठाऊक आहे. पण तुझं नाव निघालं की मी जळते. या वयात, सख्ख्या बहिणीवर!

रविवारी काका तुला ड्रॉइंग पाठवून फोन करतील. तू ड्रॉइंग बघशील आणि माझंच म्हणणं सांगशील, याबद्दल मला शंका नाही. भीती तीच आहे. तू "गोलाई चालेल" म्हणालीस की ते चार कोपरेही तुझे होतील. म्हणून हे पत्र. ड्रॉइंग उघडूच नकोस. "ताई म्हणते तसं करा," एवढं बोल आणि फोन ठेव. तुला जमायचं नाही. ड्रॉइंग समोर आलं की तुला गप्प बसवत नाही, लहानपणापासून. तरी मागते आहे.

तुझीच, तुझ्यावर जळणारी,
ताई