चौथ्या शेतातल्या गाठी

प्रिय ताई,

खरं सांगतो, हे पत्र मी अकरा महिने टाळलं. वेळ नव्हता असं म्हटलं असतं, पण मला कसली आलीय वेळेची टंचाई? दोन महिने काशीमिऱ्याच्या गॅरेजात होतो, मग एका ट्रकवाल्याबरोबर सुरतेला गेलो, तिथे एक मांजावाला भेटला, तो काचेची पूड... जाऊ दे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मिल्या, मुद्द्यावर ये."

मुद्दा हा की काल मी चौथ्या शेतात गेलो होतो.

आठवतं, मोबाईलला रेंज फक्त जिन्यात यायची आणि तू तिथे उभी राहून तुझ्या संशोधनाच्या सरांना फोनवर ओरडून सांगितलंस, "सर, गाठी! नुसत्या गाठीच गाठी!" समोरच्या काकू लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

"अगं बाई, कुणाला? डॉक्टरला दाखवलं का?"

"काकू, वालाच्या मुळांना."

"त्यांना पण होतात?"

हसून हसून तू पायरीवर बसलीस. मग काकूंना समजावलंस, मला शंभरदा समजावलं होतंस तसंच. मुळांवर बारीक गाठी येतात, त्यांच्यात जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते हवेतला नायट्रोजन झाडाला देतात. गाठ ब्लेडने कापून बघायची. आत गुलाबी असेल तर काम चालू, पांढरी असेल तर नुसती बसून खातेय.

"हा आमचा मिल्या," तू म्हणालीस, "पांढरी गाठ."

काकू हसल्या. मीही हसलो. लागलं होतं मला ते, ताई. तुला कळलं नाही? की कळूनच म्हणालीस?

तुझ्या अभ्यासातली तीन शेतं झाली होती. चौथं राहिलं होतं, खाडीला लागून असलेलं. उधाणाला तिथे खारं पाणी शिरतं, तरी वाल हिरवागार. बाकी सगळे म्हणायचे नशीब. तू म्हणायचीस, "तिथल्या मातीत मीठ सोसणारे जिवाणू असणार. सापडले ना, तर खाऱ्या जमिनीवाल्यांना केवढा आधार होईल!" एवढं बोलताना तुझे डोळे असे व्हायचे, की मला वाटायचं, आपण पण काहीतरी शिकायला हवं होतं.

त्या दिवशी तुझ्या अंगात कणकण होती. कावीळ आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक! मला पाठवलंस. खुरपं दिलंस, पिशव्यांवर नंबर घालून दिलेस. "रोपापासून वीतभर लांब खण. मातीच्या ढेकळासकट आण. उपटू नकोस हं, गाठी मातीतच राहतात."

आणि मी काय केलं? माती दगडासारखी वाळलेली. हायवेला मित्र बाईक घेऊन उभा, वसईला मॅच होती. मी दहाची दहा रोपं उपटली. शेताच्या मालकीणबाई बांधावरून ओरडल्या सुद्धा, "अरे पोरा, उपटतंस काय? खनून काढ ना! घाई हाय का तुला?" मी हात हलवला आणि निघालो. मॅच आम्ही हरलो. तेही सांगून टाकतो.

मुळं धुतल्यावर तू बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसलीस. "नीट खणलंस ना?"

"हो गं. शपथ."

वहीत तू लिहिलंस, चौथं शेत, गाठी शून्य. सरांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, "अंदाज आणि विज्ञान यांत फरक असतो, मॅडम." ते शेत तुझ्या कामातून काढून टाकलं. आणि महिन्याभरात तू...

पण एक विचारू? रिक्षावाल्याच्या मीटरवर शंका, डॉक्टरच्या रिपोर्टवर शंका, आईने घातलेल्या मिठावर शंका, आणि माझ्यावरच का नाही गं घेतलीस? एकदा ओरडली असतीस तर मी परत गेलो असतो. गेलो असतो बहुतेक. हॉस्पिटलात पिवळ्या डोळ्यांनी म्हणालीस, "चौथ्या शेतात माझं काय चुकलं, कळतच नाही रे." मी मोसंबं सोलत होतो. सोलत राहिलो. एवढं सोपं वाक्य होतं, मी उपटली, आणि ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी नालायक आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त तू मानत नव्हतीस. याचाच मला जास्त राग येतो.

काल गेलो, कारण जुन्या गॅरेजात ऐकलं की खाडीकडे भराव पडतोय. शेजारचं शेत गेलंय, वर डंपर उभे आहेत. त्याच बाई भेटल्या. "ती पोर न्हाय आली?" विचारलं. मी सांगितलं. त्या बांधावरून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "काय खनायचा तो खन. पुढच्या वर्साला इथं शेत न्हाय."

एक रोप काढायला अर्धा तास लागला. ढेकूळ घरी आणून बादलीत भिजवलं. मुळं मोकळी झाली आणि ताई, गाठीच गाठी! ब्लेडने एक कापली. गुलाबी. दुसरी कापली. गुलाबी. मोरीत बसून मी रडलो नाही, शिव्या दिल्या. स्वतःला, सरांना आणि थोड्या तुलाही.

मीठ सोसणारे ते हेच जिवाणू का, मला नाही कळत. ते बघणारी तू होतीस. पण शून्य खोटं होतं, एवढं मला कळतं.

म्हणून शब्द देतो. शपथ नाही घेत, माझी शपथ तुला माहीत आहे. सोमवारी आणखी ढेकळं खणून घेऊन तुझ्या कॉलेजात जाईन आणि सरांना सगळ्यांसमोरच सांगेन. तुझ्या वहीत त्या शून्यापुढे माझ्या अक्षरात लिहीन, नमुने भावाने उपटून आणले होते, अंदाज तपासलाच गेला नाही. भराव पडायच्या आत ती माती लॅबमध्ये पोचेल.

तुझा,
मिल्या

ता.क. सही करतोय तोच बेल वाजली. मला वाटलं इस्त्रीवाला. आईने दार उघडलं आणि हाक मारली, "मिल्या, ताईचे सर आलेत. एकटेच." आपलं मीरा रोड लांब पडतं म्हणून तुला शेवटचं बघायलाही न आलेला माणूस आपल्या दारात बूट काढतोय. कशाला आलेत, माहीत नाही. आई विचारतेय, आधी चहा ठेवू का. मी म्हटलं, थांब, आधी मला बोलू दे.